स्पंज जेवतो कसा?

दिल्लीसारख्या शहरात राहणाऱ्या माणसाला समुद्र भेटतो तो बाजारात. चांदणी चौकालगतच्या दरीबा कलान या सराफांच्या गल्लीत मंगळाच्या अंगठीसाठी पोवळे मिळते, आणि थोडे पुढे एखाद्या दुकानात अंग घासावयाचा स्पंज मिळतो. पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातून आलेले असते. स्पंज तर आता बहुधा कारखान्यातूनच आलेला असतो. तरीही या दोन वस्तूंची नावे ज्या दोन प्राण्यांवरून आली, ते प्राणी उष्ण कटिबंधातील समुद्रात एकमेकांचे शेजारी आहेत. अंगठीतले लाल पोवळे भित्ती बांधीत नाही. पण त्याचे भाऊबंद चुन्याचे मोठमोठे बांध समुद्रात उभारतात. त्यांनाच आपण प्रवाळभित्ती म्हणतो. कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपात आणि अंदमान-निकोबारात अशा भित्ती आहेत. या भित्तींच्या कडेकपारींत, प्रवाळांच्या खाली आणि मागे, लाल, पिवळे, जांभळे, काळे असे नाना रंगांचे स्पंज चिकटून बसलेले असतात. ते हलत नाहीत, डुलत नाहीत, कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत. मग ते जगतात कशावर, हा आजचा आपला विषय आहे.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका लहान नाही. प्रवाळभित्तीवरचे पाणी नितळ असते आणि प्रवासी त्याचे कौतुक करतात. परंतु समुद्राच्या पाण्याचा नितळपणा हे त्याच्या दारिद्र्याचे लक्षण आहे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर पावसाळ्यानंतर पाणी गढूळ-हिरवट दिसते, त्यात सूक्ष्म वनस्पतींचे पीक आलेले असते आणि त्यावर मासळी पोसली जाते. भित्तीवरच्या निळ्या पाण्यात असे पीक नसते. जणू एखादे भरवस्तीचे नगर माळरानावर वसावे आणि त्याच्या आसपास एकही शेत दिसू नये, तसा हा प्रकार आहे. चार्ल्स डार्विनने 1842 साली प्रवाळभित्तींवर ग्रंथ लिहिला, आणि अन्नाने गरीब अशा पाण्यात जीवांची एवढी गर्दी कशी नांदते, हे कोडे पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. या कोड्याचे उत्तर एकच नाही. पण त्या उत्तराचा एक मोठा भाग स्पंजाच्या जेवणात दडलेला आहे, असे आता दिसून येत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्पंज प्रवाळ खात नाही. भित्तीवर राहतो म्हणून तो भित्ती खातो असे नव्हे. त्याला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही, आतडे नाही. मज्जातंतू नाहीत, मग मेंदू कोठून असणार? जगात स्पंजांच्या 9,000 हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांचा खाण्याचा मार्ग एकच आहे : पाणी आत घ्यावयाचे, गाळावयाचे आणि बाहेर टाकावयाचे.

हे आपण आज सहज म्हणतो. परंतु स्पंज हा प्राणी की वनस्पती याबद्दल शतकानुशतके वाद चालला होता. ज्याला खाताना कोणी पाहिले नाही, त्याला प्राणी कसे म्हणावे? 1825 साली स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट या तरुण शास्त्रज्ञाने समुद्रातून आणलेला जिवंत स्पंज पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत सतत बाहेर पडत होता आणि त्या झोताबरोबर बारीक कण वेगाने उसळत होते. पाणी बाहेर पडते, त्याअर्थी ते कोठून तरी आत गेलेच पाहिजे. ग्रँटला अंगावरील असंख्य सूक्ष्म रंध्रे दिसली, आणि या प्राणिसंघाला 'पोरिफेरा', म्हणजे रंध्रे वाहणारे, हे नाव त्यानेच दिले. याच ग्रँटच्या सहवासात एडिंबरो येथे विद्यार्थिदशेतल्या डार्विनने समुद्रातील जीवांच्या निरीक्षणाचे पहिले धडे गिरविले.

पाणी आत जाते आणि बाहेर येते, एवढे कळले. पण मधल्या वाटेवर काय घडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग ज्या ठिकाणी मिळाला, ते ठिकाण आपल्या मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे मुंबई बेट.

दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने काढलेले अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक आज देशभरातील मुले वाचतात. त्यात स्पंजांची उदाहरणे म्हणून तीन नावे दिली आहेत, आणि त्यांतील एक 'स्पाँजिला' हे आहे. हा गोड्या पाण्यातला स्पंज. स्पंज म्हटला की समुद्र, असे आपल्याला वाटते. पण दोनशेहून काही अधिक जाती नद्या, तळी आणि तलाव यांत राहतात. या स्पाँजिलाचा बारकाईने अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत झाला. तो करणारा गृहस्थ म्हणजे हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील डॉक्टर. 1860 च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत येऊ लागले. तोपर्यंत बेटावरील लोक विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत असत. त्या तलावांच्या दगडांवर, बुडालेल्या काटक्यांवर हिरवट-करड्या रंगाचे बुळबुळीत गोळे वाढत. ज्याच्याकडे सामान्य माणूस शेवाळ म्हणून दुर्लक्ष करील, त्याच्याकडे कार्टरने सूक्ष्मदर्शक लावला. 1849 साली त्याने मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील स्पंजांचे सविस्तर वर्णन लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. याच तलावांच्या पाण्याशी निगडित असलेल्या नारूच्या रोगावरही त्याने अभ्यास केला होता. तलावाच्या पाण्यात काय काय राहते, हा त्या डॉक्टरच्या दृष्टीने केवळ हौसेचा विषय नव्हता.

स्पाँजिलाची एक सोय अशी की, पाणी आटू लागले की त्याच्या अंगात खसखशीसारख्या बारीक, टणक गुलिका तयार होतात. तो स्वतः मरून जातो, पण गुलिका कोरड्या पडून राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून नवा स्पंज उगवतो. कार्टरने अशा गुलिकांपासून कोवळे स्पंज वाढविले. ते इतके पातळ आणि पारदर्शक असत की त्यांच्या आतील हालचाल जिवंतपणीच पाहता येई. मग त्याने पाण्यात कार्मिनचे, म्हणजे किरमिजी रंगाचे, अगदी बारीक कण सोडले. रंगाचे कण रंध्रांतून आत शिरले, कालव्यांतून वाहत गेले आणि शेवटी काही सूक्ष्म, कुपीच्या आकाराच्या पोकळ्यांपाशी थांबले. त्या पोकळ्यांच्या भिंतींत बसलेल्या, प्रत्येकी एकच धागा हलविणाऱ्या पेशींनी ते कण गिळले. 1857 साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. स्पंजाला पोट नाही हे खरे. पण त्याच्या अंगात गिळणाऱ्या पेशी आहेत, आणि त्या प्रत्येकीचे पोट तिच्यातच आहे, हे यावरून स्पष्ट होत गेले. जो गिळतो, तो प्राणीच. कार्टर पुढे इंग्लंडला परतला, ब्रिटिश म्युझियममधील स्पंजांचे वर्गीकरण करण्यात त्याने उरलेले आयुष्य घालविले आणि 1895 साली तो वारला. भारतातील तळ्यांतून सर्रास आढळणाऱ्या एका स्पंजाच्या जातीला त्याचेच नाव दिलेले आहे.

आता या यंत्रणेकडे थोडे बारकाईने पाहू. कारण समुद्रातील भित्तीवरचा स्पंज आणि मुंबईच्या तलावातला स्पंज या दोघांचे यंत्र मुळात एकच आहे.

स्पंजाच्या पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पाणी आत शिरते, फाटे फुटत जाणाऱ्या कालव्यांतून वाहते आणि त्या कुपीसारख्या कोठड्यांत येते. प्रत्येक कोठडीच्या भिंतीला पेशींचे अस्तर असते. यांतील प्रत्येक पेशीला एक लांब धागा असतो. त्याला कशाभिका म्हणतात. या धाग्याभोवती, सदऱ्याच्या उभ्या गळपट्टीसारखे, अतिसूक्ष्म तंतूंचे एक कडे असते. कशाभिका सारखी वळवळते, तिच्या वळवळण्याने पाणी पुढे ढकलले जाते आणि त्या ओढीने मागचे पाणी गळपट्टीच्या तंतूंमधून गाळून येते. दोन तंतूंमधील फट एका मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढी असते. त्यामुळे जीवाणूदेखील तेथे अडकतात. अडकलेला कण पेशी स्वतःत ओढून घेते, थोडा पचविते आणि उरलेला भाग भटक्या पेशींच्या हवाली करते. त्या पेशी अंगभर फिरून सर्वांना वाटा पोचवितात. थोडे मोठे कण कालव्यांच्या कडेच्या पेशीच मधल्या मध्ये उचलतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नदी डोहात शिरली की संथ होते आणि अरुंद घळईत शिरली की धावू लागते, हे आपण पाहिलेले असते. स्पंजाची सारी बांधणी या एका नियमावर उभी आहे. कोठड्या लहान, पण त्यांची संख्या इतकी प्रचंड की त्यांची एकूण रुंदी रंध्रांच्या किंवा बाहेर पडण्याच्या छिद्राच्या कितीतरी पट भरते. म्हणून कोठड्यांत पाणी जवळजवळ थबकते आणि पेशींना कण टिपावयास सवड मिळते. उलट, बाहेर पडण्याचे छिद्र एकच आणि अरुंद. तेथे पाणी जोराने उसळते आणि दूर फेकले जाते, म्हणजे एकदा गाळलेले पाणी पुन्हा आत येत नाही. प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ल्यूकोनिया या लहानशा स्पंजाचे उदाहरण नेहमी देतात. तो सुमारे 10 सेंटिमीटर उंच आणि 1 सेंटिमीटर जाड असतो, आपल्या हाताच्या बोटाएवढा म्हणा ना. त्यात 20 लाखांहून अधिक कोठड्या असतात. पाणी सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर वेगाने आत शिरते, आणि बाहेर पडते ते सेकंदाला साडेआठ सेंटिमीटर वेगाने. दिवसभरात हा बोटाएवढा जीव सुमारे साडेबावीस लिटर पाणी उपसतो. म्हणजे एक मोठी बादली भरून वर काही उरावे. स्वतःच्या आकारमानाच्या जवळजवळ तीन हजार पट पाणी तो रोज गाळतो, आणि हे सारे काम मेंदूवाचून, हृदयावाचून, केवळ धाग्यांच्या वळवळीवर चालते.

एवढे पाणी गाळून त्याच्या हाती काय लागते? 1971 साली हेन्री रीस्विग या शास्त्रज्ञाने जमेकाच्या भित्तीवर पाण्यात बुडी मारून, जागच्या जागीच, स्पंजात शिरणारे आणि स्पंजातून निघणारे पाणी तपासले. पूर्वी लोकांचा समज असा होता की स्पंज लहानसहान वनस्पतिकणांवर जगत असावेत. रीस्विगला आढळले की, पाण्यातील बहुतेक सर्व जीवाणू स्पंज टिपून घेतो. पण त्याहून नवलाची गोष्ट पुढेच होती. स्पंजाने घेतलेल्या कणांतील सर्वांत मोठा वाटा इतक्या सूक्ष्म कणांचा होता की ते साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतही नव्हते. ज्या पाण्याला आपण रिकामे समजत होतो, ते स्पंजाच्या दृष्टीने रिकामे नव्हते.

हाच धागा पुढे वाढत गेला. चहात साखर घातली आणि ढवळली की ती दिसेनाशी होते. कितीही बारीक गाळणी घेतली तरी ती साखर गाळून काढता येत नाही. प्रवाळ आणि समुद्रशैवाले यांच्या अंगातून दिवसभर अशीच काही द्रव्ये पाण्यात झिरपत असतात. प्रवाळ तर आपल्या अंगावरचा गाळ धुऊन काढण्यासाठी चिकट बुळा सोडतात, आणि त्याचाही बराच भाग पाण्यात विरघळून जातो. हे विरघळलेले सेंद्रिय द्रव्य भित्तीवरील अन्नाचा फार मोठा साठा आहे. पण मासा ते खाऊ शकत नाही, खेकडा खाऊ शकत नाही, शिंपला खाऊ शकत नाही. लाटांबरोबर ते खोल समुद्रात वाहून जावयाचे. 2003 साली तांबड्या समुद्राच्या अकाबा आखातात झालेल्या संशोधनात असे दिसले की, तेथील एका स्पंजाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा या विरघळलेल्या द्रव्याचाच आहे. पुढे कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर यास्पर द खूय आणि त्यांचे सहकारी यांनी भित्तीच्या कपारींत वाढणारे पातळ, पापुद्र्यासारखे स्पंज अभ्यासले. त्यांच्या आहारातही विरघळलेल्या द्रव्याचाच वाटा फार मोठा निघाला.

परंतु येथे हिशेब जुळेना. हा स्पंज इतके खातो, तर त्याने भराभरा वाढावयास हवे. आणि तो तर वाढताना दिसत नव्हता. मग खाल्लेले जाते कोठे? याचे उत्तर 2009 साली मिळाले. त्या स्पंजाच्या गळपट्टीवाल्या पेशी सुमारे 6 तासांत दुभंगून नव्या होत होत्या. इतक्या वेगाने पेशी तयार होणे प्राणिजगात विरळाच. नव्या पेशी आल्या की जुन्या गळून पडत. स्पंज वाढत नव्हता, कारण तो रोज आपलेच अंग झाडून टाकीत होता. झाडून टाकलेल्या त्या पेशींचा भुगा कपारीत साचे, आणि तेथील लहान कवचधारी प्राणी, किडे आणि गोगलगायी तो वेचून खात. 2013 साली याच संशोधकांनी द्रव्यातील कार्बन आणि नायट्रोजन यांच्या अणूंवर जणू खूण करून त्यांचा माग काढला. आधी ती खूण पाण्यात होती, मग स्पंजात आढळली, मग भुग्यात, आणि शेवटी भुगा खाणाऱ्या प्राण्यांच्या अंगात. या प्राण्यांना मोठे प्राणी खातात, त्यांना मासे खातात, आणि अशा रीतीने वाया जाणारे अन्न पुन्हा भित्तीच्या पंक्तीत येते.

आपल्याकडे खेड्यातल्या घरात उष्टे-खरकटे, तांदळाचे धुवण, ताकाची निवळ यांतले काहीच टाकले जात नसे. ते गुरांच्या आंबोणात जाई, गुरांचे शेण परसात जाई आणि परसातली भाजी पुन्हा पानात येई. नगर माळरानावर वसले असूनही उपाशी का मरत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. भित्तीवर अन्न थोडे येते, परंतु आलेले अन्न सहजासहजी बाहेर जाऊ दिले जात नाही. जे कोणालाच खाता येत नाही, ते स्पंज खातो आणि सर्वांना खाता येईल अशा स्वरूपात परत देतो.

अर्थात् सर्वच स्पंज या एकाच साच्यातले नाहीत. पुढील संशोधनात असेही आढळले की, काही मोठे, जाडजूड स्पंज असा भुगा फारसा टाकीत नाहीत; ते खाल्लेले अन्न आपल्याच वाढीला लावतात. कित्येकांच्या अंगात जीवाणूंची दाट वस्ती असते, आणि काहींच्या बाबतीत त्यांच्या एकंदर वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग या भाडेकरूंचाच भरतो. भाडेकरूंपैकी काही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर क्लाइव्ह विल्किन्सन यांनी 1983 साली दाखवून दिले की, तेथे सर्रास आढळणाऱ्या 10 जातींपैकी 6 जाती स्वतः खर्च करतात त्याहून अधिक अन्न या सोबत्यांच्या मदतीने तयार करतात. गाळून खावे आणि घरात शेतीही करावी, असा त्यांचा दुहेरी उद्योग. आणि एक विलक्षण अपवादही सांगितला पाहिजे. 1995 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका समुद्री गुहेत असा स्पंज आढळला की, त्याने गाळणीच सोडून दिली आहे. त्याच्या अंगावर आकड्यांसारख्या कंटिकांचे तंतू असतात; त्यांत बारीक कवचधारी प्राणी अडकतात आणि स्पंजाच्या पेशी त्यांच्याभोवती हळूहळू गोळा होऊन त्यांना पचवितात.

आता राहिला तो स्पंज, ज्याच्यामुळे 'स्पंज प्रवाळ खातो' असा समज पसरला. मालवण, वेंगुर्ले किंवा रत्नागिरीच्या पुळणीवर शिंपले वेचणाऱ्या मुलांना कधीकधी चाळणीसारखा भोकाभोकांचा शिंपला सापडतो. ही भोके बहुधा क्लायोना किंवा त्याच्या जातभाईंनी, म्हणजे भोके पाडणाऱ्या स्पंजांनी, पाडलेली असतात. हेच स्पंज प्रवाळांच्या चुन्यातही घर करतात. त्यांच्या काही पेशी चुन्याच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार रेघ कोरतात, ती खोल करीत नेतात आणि शेवटी एक सूक्ष्म ढलपी सुटी करून पाण्याच्या झोताबरोबर बाहेर टाकतात. चुना विरघळतो तो त्या अरुंद रेघेपुरताच, म्हणजे शेकडा दोन-तीन भाग. बाकीचा सारा ढलप्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ध्यानात घ्या, हा स्पंज चुना खात नाही. चुन्यात खायचे असते तरी काय? तो फक्त राहण्यासाठी खोल्या खोदतो. खाणे मात्र त्याचेही पाणी गाळूनच चालते. पण त्याच्या या घरबांधणीने भित्ती आतून पोकळ होत जाते, आणि वादळ आले की मोठाली प्रवाळे मुळातून कोसळतात. मन्नारचे आखात आणि पाल्कचा उपसागर येथील भित्तींवरील अशा स्पंजांचा अभ्यास पी. ए. थॉमस या भारतीय शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकापासून केला. भोके पाडणारे हे स्पंज केवळ प्रवाळांनाच नव्हे, तर शंख आणि मोत्यांचे शिंपले यांनाही उपद्रव देतात, हे त्यांच्या अभ्यासातून आपल्याला कळले.

निरोगी भित्तीवर हा उपद्रव फार मोठा नसतो. प्रवाळ बांधीत जातात, स्पंज पोखरीत जातात आणि बांधण्याचा वेग अधिक असेतोवर भित्ती वाढत राहते. पोखरलेल्या चुन्याची पूड भित्तीच्या फटींत बसते आणि समुद्राच्या तळाची वाळू होते. चिंता आहे ती हा तोल बिघडण्याची. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळांच्या अंगातील सूक्ष्म शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. ताप फार दिवस राहिला तर ते मरतात. लक्षद्वीपच्या भित्तींवर 1998, 2010, 2016 आणि 2024 साली असे मोठे आघात झाले. मेलेले प्रवाळ बांधीत नाहीत; पण पोखरणारे स्पंज काम थांबवीत नाहीत. उलट, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी होत चालले आहे, आणि अशा पाण्यात ग्रेट बॅरिअर रीफवरील एक जातीचा स्पंज चुना अधिक वेगाने पोखरतो, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. जो जीव भित्तीच्या पंक्तीत सर्वांना वाढतो, त्याचाच भाऊबंद भित्तीचा पाया उकरीत असतो. दोघांपैकी कोणाचे काम जड होईल, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे, आणि ते तापमान वाढविण्यात समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या शहरांतील धुराचाही वाटा आहे. त्या यादीत दिल्लीचे नाव मागे नाही.

आपल्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिवंत प्रवाळ आहेत, आणि तो भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचे एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरांवर असून त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला लाभले आहे. गाळ, मैला आणि तेल यांचे पाण्यातील प्रमाण वाढले की पहिली अडचण गाळणीचीच होते. गढूळ पाणी आले की कित्येक स्पंज आपले उपसणे मंदावतात किंवा थांबवितात. म्हणजे उपास पत्करतात, पण गाळणी तुंबू देत नाहीत. हा उपास काही दिवसांचा असला तर निभावतो. कायमचा झाला तर निभावत नाही.

दिल्लीत झालेल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 साली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला, आणि चुन्याच्या कंटिका असलेल्या स्पंजांनाही त्याच वेळी अनुसूचीत स्थान मिळाले. वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीला स्पंज बसला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु भित्तीवरील बहुसंख्य स्पंज चुन्याच्या कंटिकांचे नसतात. त्यांच्या कंटिका वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या असतात, आणि काहींना तर कंटिकाच नसतात. कुरासावच्या कपारीत अन्नाचे चक्र फिरविणारा तो पातळ स्पंज अशांपैकीच. ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, त्याची नोंद उशिराच होते.

मुंबईतील तलावांचेही असेच झाले. गोवालिया टँक, धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावे आज रस्त्यांवर आणि बसथांब्यांवर आहेत, पाणी मात्र तेथे नाही. हिवतापाच्या भीतीने आणि शहराच्या वाढीने बेटावरील बहुतेक जुने तलाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बुजले. त्या बुजविण्यामागे कारणे सबळ होती, रोग खरोखरच होता. परंतु तलाव बुजविताना त्यांच्या दगडांवर काय राहत होते, हे सांगू शकेल असे एक निरीक्षण एका डॉक्टरने आधीच लिहून ठेवले होते, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. लक्षद्वीपच्या आणि आंग्रिया पठाराच्या कपारींत कोणते स्पंज आहेत, कोण काय गाळतो आणि कोण कोणाला पोसतो, याच्या अशाच नोंदी भित्ती जिवंत आहेत तोवर व्हावयास हव्यात. त्यासाठी लागणारी साधने कार्टरच्या काळापेक्षा आज फार पुढे गेली आहेत. चिकाटी मात्र तेवढीच लागते.